विश्लेषण : घोंगडी आणि सतरंजी एकाच सोड्यात धुतली तर काय होते?

घटस्थापना जवळ आली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघते. वाकळा, सतरंज्या, चादरी, जाजमे आणि त्यांच्याबरोबर माळ्यावरची घोंगडीही बाहेर येते. नदीचा घाट असो, कॅनॉलचा काठ असो किंवा इमारतीची गच्ची, धुण्याची पद्धत सगळ्यांना एकच लावली जाते. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायचे, दगडावर आपटायचे, घट्ट पिळायचे आणि कडक उन्हात दोरीवर टाकायचे. सुती वाकळेला हे मानवते. लोकरीच्या घोंगडीचे मात्र यातल्या प्रत्येक पायरीवर नुकसान होते. एका धुण्यात ती आटते, कडक होते आणि मग कितीही प्रयत्न केले तरी पूर्ववत होत नाही. हातमागावर विणलेली नवी घोंगडी आता सहज मिळत नसल्याने घरात आहे ती टिकवणे महत्त्वाचे ठरते. त्याचे शास्त्र आणि सोपे उपाय असे आहेत.

घरात अंथरलेले नेमके काय आहे, हे कसे ओळखावे?

निगा कशी राखायची हे धाग्यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर अंथरायच्या वस्तू साधारण चार प्रकारच्या असतात. पहिली सुती सतरंजी किंवा जाजम. दुसरी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. तिसरा हाताने गाठी मारलेला किंवा यंत्रावर केलेला लोकरीचा गालिचा. चौथा प्रकार बाजारात सर्वाधिक दिसतो, तो म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टर, अॅक्रिलिक किंवा नायलॉनच्या कृत्रिम धाग्याचा गालिचा.

दुकानात ‘वुलन’ म्हणून विकलेली वस्तू लोकरीचीच असेल असे नाही. खात्री करायची असेल तर काठाचा किंवा दशीचा एक छोटा धागा कापून घ्यावा, चिमट्यात धरावा आणि स्वयंपाकघरातल्या सिंकवर काडीने पेटवून पाहावा. लोकर चटकन पेट घेत नाही, ज्योत दूर केली की विझते, जळालेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. सुताचा धागा कागदासारखा जळत जातो आणि कागद जळाल्याचाच वास येतो. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी तयार होतो. तो मणी गरम असताना बोट लावू नये. ही चाचणी एका सुट्या धाग्यावरच करावी, अंथरलेल्या वस्तूवर कधीही नाही.

सोडा लोकरीला का चालत नाही?

सूत हे वनस्पतीपासून आलेले सेल्युलोज आहे. लोकर म्हणजे प्राण्याचा केस, म्हणजेच केराटिन नावाचे प्रथिन. आपले केस आणि नखे याच प्रथिनाची असतात. सेल्युलोज अल्कधर्मी पाण्याला दाद देत नाही, म्हणून सुती कपडे सोड्यात उकळले तरी टिकतात. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि अल्क हेच बंध तोडते.

पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे, हे सामू या मापाने सांगतात. सात म्हणजे उदासीन. लोकरीला पाच ते सातच्या दरम्यानचा सामू मानवतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू अकराच्या आसपास असतो आणि नेहमीच्या धुण्याच्या पावडरींचा साधारण दहा. अशा पाण्यात लोकर पिवळट, खरखरीत आणि ठिसूळ होते. डाग काढण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीनचे ब्लीच त्याहून घातक आहे. तीव्र ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रक्त, दूध, अंडे यांचे डाग काढण्यासाठी अनेक पावडरींमध्ये प्रथिने पचवणारी एन्झाइम घातलेली असतात. त्यांच्या दृष्टीने डागातले प्रथिन आणि लोकरीचे प्रथिन यांत फरक नाही. त्यामुळे पाकिटावर ‘एन्झाइम’ किंवा ‘बायो’ लिहिलेले असेल तर ती पावडर लोकरीसाठी वापरू नये.

आपटल्यावर घोंगडी आटते कशी?

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले असतात. पाण्यात, विशेषतः गरम आणि साबणाच्या पाण्यात, तंतू फुगतो व खवले उघडतात. त्याच वेळी घासले, आपटले किंवा पिळले की शेजारचे तंतू एकमेकांत सरकतात. खवल्यांमुळे त्यांना पुढे जाता येते, मागे येता येत नाही. प्रत्येक आपटणीगणिक वीण अधिक घट्ट आवळली जाते.

हा दोष म्हणायचा की गुण, हे वापरणाऱ्यावर आहे. बुरणूस हा लोकरीचा जाड पट न विणता याच गुणावर तयार केला जातो. पिंजलेली लोकर पसरून, पाणी मारून, गुंडाळून आणि दाबून तंतू एकमेकांत जखडले जातात. दगडावर आपटलेल्या घोंगडीचे नेमके तेच होते, फक्त ते कोणाला नको असते. म्हणूनच आटलेली घोंगडी ताणून मोठी करता येत नाही.

वॉशिंग मशीनमध्ये हीच क्रिया अधिक वेगाने होते. हातमागाची घोंगडी मशीनमध्ये टाकूच नये. भिजल्यावर तिचे वजन इतके वाढते की मशीनलाही ते झेपत नाही.

घोंगडी घरी धुवायची तर कशी?

सर्वात आधी, ती खरेच धुवायला हवी का, हे पाहावे. लोकरीच्या पृष्ठभागावर नैसर्गिक मेणासारखा थर असतो. त्यामुळे धूळ खोल जात नाही आणि थोडे पाणी सांडले तर ते काही काळ थेंबांच्या रूपात वरच राहते. मेंढपाळ घोंगडीची खोळ करून पावसात उभा राहू शकतो, त्याचे हे एक कारण. वारंवार धुण्याने हा थर निघून जातो. रोज वापरात नसलेली घोंगडी झटकून आणि हवा देऊन अनेक वर्षे चांगली राहते. धुण्याची वेळ आलीच तर क्रम असा ठेवावा.

१. धूळ कोरडी असतानाच काढावी. घोंगडी उलटी टाकून मागच्या बाजूने हलक्या हाताने काठी मारावी, म्हणजे वीणीत अडकलेली माती खाली पडते. ओली केल्यावर याच मातीचा चिखल होतो.

२. रंग जातो का, ते पाहावे. पांढरे ओले फडके रंगीत काठावर मिनिटभर दाबून धरावे. फडक्याला रंग लागला तर घरी धुऊ नये. नैसर्गिक काळ्या मेंढीच्या लोकरीचा रंग जात नाही, रंगवलेल्या काठांचा जाऊ शकतो.

३. पाणी थंड किंवा हाताला जेमतेम कोमट असावे. पहिल्या पाण्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत तापमान सारखेच ठेवावे.

४. रिठा उत्तम. मूठ-दोन मूठ रिठ्याची टरफले रात्रभर भिजवून, कुस्करून, पाणी गाळून घ्यावे. रिठ्यातला फेस देणारा घटक मळ सोडवतो आणि लोकरीशी सौम्य वागतो. रिठा नसेल तर लोकरीसाठीचा द्रव साबण वापरावा.

५. मोठ्या टबात वीस मिनिटे बुडवून ठेवावी आणि तळहातांनी वरून दाबत राहावे. घासू नये, चोळू नये, ब्रश मारू नये.

६. दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढावी. पांढरा व्हिनेगर घरात असेल तर शेवटच्या बादलीत पाव वाटी घालावा. साबणाचा उरलेला अल्कधर्मी अंश त्याने निघून जातो.

७. पिळू नये. घोंगडी उतरत्या फरशीवर पसरून किंवा गुंडाळी करून दाबत पाणी निथळू द्यावे. उचलताना दोघांनी धरावी. एका टोकाने उचलली तर पाण्याच्या वजनाने ती लांबट होते.

८. बाजेवर किंवा खाटेवर आडवी पसरून, सावलीत पण वाऱ्यावर वाळवावी. खालून हवा लागेल असे पाहावे आणि अधूनमधून उलटावी. मध्यभाग आणि काठ हाताला पूर्ण कोरडे लागल्याशिवाय घडी घालू नये.

हातमागाची नवी घोंगडी कडक लागते. विणण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावलेली असते, हे त्याचे कारण. पहिल्या एक-दोन धुण्यांत खळ निघते आणि घोंगडी मऊ पडते. त्यामुळे नवी घोंगडी कडक आहे म्हणून खराब समजू नये. खळ मात्र पिष्टमय असते आणि किडे-उंदरांना ती आवडते. नवी घोंगडी न वापरता वर्षानुवर्षे ट्रंकेत ठेवण्यापेक्षा एकदा धुऊन ठेवणे चांगले.

सतरंजी आणि कृत्रिम गालिच्याचे काय?

सुती सतरंजी सोडा आणि ऊन दोन्ही सहन करते. मात्र गडद रंगांच्या सतरंजीला पहिल्या काही धुण्यांत थंड पाणीच वापरावे आणि ती वेगळी धुवावी. सूतही थोडे आटते, पण ते लोकरीसारखे आवळत जात नाही. सतरंजी ओली असतानाच चारही बाजूंनी हलकेच ओढून सपाट केली तर कडा वाकड्या होत नाहीत.

पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा पाणी शोषत नाही, साध्या साबणाने धुता येतो. त्याला धोका उष्णतेचा असतो. गरम इस्त्री, उदबत्तीचा निखारा किंवा फटाक्याची ठिणगी पडली की तो तिथेच वितळतो. यंत्रावरच्या अनेक गालिच्यांच्या पाठीला ताग किंवा कापड चिकटवलेले असते. असा गालिचा पाण्यात बुडवून ठेवला तर गोंद सुटतो आणि पाठ वेगळी होते. त्याची फक्त वरची बाजू ओल्या फडक्याने पुसावी आणि लगेच वाळवावी.

वर्षभराची निगा कशी राखावी?

अंथरलेल्या वस्तूला सर्वाधिक झिजवते ती बारीक वाळू. पायांखाली ती पालिश कागदासारखे काम करते आणि धागे मुळाशी कापते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वस्तू उचलून बाहेर झटकावी आणि खालची फरशी पुसून कोरडी करावी. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर हातमागाच्या वस्तूवर फिरता ब्रश लावू नये, फक्त हवा ओढणारा तोंडाचा भाग वापरावा. दशांवरून व्हॅक्यूम फिरवू नये, त्या खेचल्या जाऊन तुटतात.

खिडकीतून येणाऱ्या उन्हात एकच बाजू राहिली तर ती फिकी पडते. दर दोन-तीन महिन्यांनी दिशा फिरवावी. त्यामुळे चालण्याची झीजही सगळीकडे वाटली जाते.

ज्येष्ठ नागरिकांच्या घरी आणखी एक काळजी घ्यावी. गुळगुळीत फरशीवर सुटी सतरंजी किंवा पायपुसणे सरकते आणि पाय घसरतो. म्हातारपणी कंबरेचे हाड मोडण्याचे निमित्त अनेकदा घरातच घडलेली अशी पडझड असते. खाली जाळीदार रबरी पट अंथरावा. रात्री उठून जायच्या वाटेवर, विशेषतः न्हाणीघराच्या दारात, सुटी वस्तू ठेवू नये.

घरात कोणाला दमा किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर झटकण्याचे काम त्या व्यक्तीने करू नये. धुळीतले सूक्ष्म माइट दमट हवेत वाढतात. दम्याच्या रुग्णाच्या झोपण्याच्या खोलीत जाड गालिचा न अंथरणेच इष्ट.

‘कसर लागली’ म्हणजे काय होते?

ट्रंक उघडावी आणि घोंगडीला चाळणीसारखी भोके दिसावीत, हा अनुभव अनेक घरांत येतो. हे काम उडणाऱ्या पतंगाचे नसून त्याच्या अळीचे असते. कपड्यांचा हा फिकट सोनेरी पतंग जेमतेम सेंटिमीटरभर असतो. प्रौढ पतंग काही खात नाही. मादी लोकरीच्या घड्यांत साधारण चाळीस-पन्नास अंडी घालते. उबदार हवेत आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात आणि त्या केराटिन खातात. लोकर, रेशीम, पिसे, केस हे त्यांचे अन्न. दुसरा शत्रू गालिच्याचा भुंगेरा. त्याच्या केसाळ अळ्याही लोकर खातात आणि त्यांच्या सोडलेल्या पोकळ काती घडीत सापडतात.

या अळ्यांना अंधार, शांतता आणि मळ हवा असतो. घाम, अन्नाचे कण, सांडलेले दूध यांतून त्यांना लोकरीत नसलेली पोषणद्रव्ये मिळतात. म्हणून भोके आधी डागांच्या जागी पडतात. मळकी घोंगडी तशीच घडी घालून ठेवणे म्हणजे अळ्यांना वाढून ठेवणेच. रोज अंथरली आणि झटकली जाणारी घोंगडी मात्र सहसा कसरीपासून वाचते.

डांबराच्या गोळ्या की कडुनिंबाचा पाला?

डांबराच्या गोळ्या म्हणजे नॅप्थॅलिन. त्यांची वाफ अळ्या मारते, पण ती हवाबंद पेटीत कोंडली तरच. उघड्या कपाटात ठेवलेल्या गोळ्यांनी अळ्यांपेक्षा घरातल्या माणसांच्या नाकात वाफ अधिक जाते. लहान मुलांनी गोळी मिठाई समजून गिळली तर ते जीवघेणे ठरू शकते. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅप्थॅलिनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. बाळाला गुंडाळायच्या किंवा त्याच्याखाली अंथरायच्या कोणत्याही कापडात या गोळ्या ठेवू नयेत.

कडुनिंबाचा सुकवलेला पाला, वेखंड, लवंग यांच्या वासाने पतंग काही प्रमाणात दूर राहतो, पण घडीत आधीच असलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. म्हणून पाला ठेवण्यापूर्वी वस्तू स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असणे महत्त्वाचे. वास गेला की पाला बदलावा.

कसर लागलीच असेल तर विषाविना दोन उपाय आहेत. आसन किंवा लहान पट असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर किमान आठवडाभर ठेवावा. मोठ्या घोंगडीसाठी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोग होतो. पूर्ण कोरडी घोंगडी काळ्या प्लास्टिकमध्ये सैलसर गुंडाळून, बंद करून, भर दुपारी गच्चीवर ठेवावी आणि अधूनमधून उलटावी. आतले तापमान ५५ अंशांवर जाऊन सगळ्या थरांत तास-दोन तास टिकले की अंडी, अळी, पतंग सगळेच मरतात. घोंगडीत ओल असेल तर हा उपाय करू नये. आत पाणी सुटून बुरशी लागते. दोन्ही उपायांनंतर मेलेल्या अळ्या आणि काती झटकून काढाव्यात आणि ट्रंक किंवा कपाटाच्या फटी साफ कराव्यात. अन्यथा तिथली अंडी पुन्हा तोच प्रकार घडवतात.

पाटण आणि जत यांना एकच सल्ला चालेल का?

नाही. या दोन जिल्ह्यांइतका पावसाचा फरक थोड्या अंतरावर क्वचितच सापडतो. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणि सांगलीच्या आटपाडी, जत भागात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो.

महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पश्चिम पट्ट्यात मुख्य शत्रू बुरशी आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे जूनमध्ये ‘कोरडी’ म्हणून घडी घातलेली घोंगडी ऑगस्टमध्ये बुरशीचा वास देते. या भागात लोकरीच्या वस्तू मे महिन्यातच उन्हे देऊन ठेवाव्यात आणि प्लास्टिकऐवजी जुन्या सुती चादरीत गुंडाळाव्यात. त्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नयेत. पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी घडी मोडून हवा द्यावी.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात धूळ आणि कसर अधिक त्रास देतात. इथे झटकणे आणि उन्हाळ्यातली उन्हे देणे यांवर भर हवा. मात्र रोज कडक उन्हात ठेवले तर अतिनील किरणांनी पांढरी लोकर पिवळी पडते आणि धागा कमजोर होतो. वर्षातून दोन-तीनदा दोन-तीन तास पुरेसे आहेत.

हळदीचा डाग साबणाने लाल का होतो?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंडापासून भंडाऱ्यापर्यंत या भागात हळद सर्वत्र आहे, आणि आरेवाडीच्या बिरोबाला जाऊन आलेल्या घोंगडीवर तर ती असणारच. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी पाण्यात तांबडे होते. त्यामुळे डागावर साबण लावताच तो लाल होतो आणि डाग वाढला असे वाटते. प्रत्यक्षात तो फक्त रंग बदलतो. लिंबाचे किंवा व्हिनेगरचे पाणी लावले की पुन्हा पिवळा होतो.

हळदीचा खरा शत्रू सूर्यप्रकाश आहे. कर्क्युमिन उजेडात विघटित होते. आधी कोरडी पूड झटकावी, ओली करून पसरवू नये. मग डाग थंड पाण्याने टिपून काढावा आणि तेवढाच भाग काही तास उन्हात ठेवावा. पांढऱ्या घोंगडीला दोन-तीन दिवस हे करावे लागेल.

चहा, दूध, वरण सांडले तर पहिली पाच मिनिटे महत्त्वाची. सुती फडक्याने बाहेरून आत अशा दिशेने टिपत यावे. घासले तर डाग पसरतो आणि लोकर आवळते. दुधाच्या डागाला गरम पाणी लावू नये, त्यातले प्रथिन गोठून बसते. तेल सांडले तर त्यावर टाल्कम पावडर किंवा मक्याचे पीठ पसरून काही तास ठेवावे आणि झटकावे. लहान मुलाने अंथरुणात लघवी केली तर आधी भरपूर थंड पाणी, मग व्हिनेगरचे सौम्य पाणी आणि पुन्हा साधे पाणी, असा क्रम ठेवावा.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या वस्तूंचे काय करावे?

महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा वाई, कराडमार्गे सांगलीला येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला गाद्या आणि अंथरुणांचे ढीग लागले होते. त्यातले काही वाचण्यासारखे असते, काही वाचवू नये.

पुराचे पाणी साधे नसते. त्यात सांडपाणी, जनावरांचे मलमूत्र, शेतातली औषधे मिसळलेली असतात. लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय भिजलेल्या वस्तूंना हात लावू नये, विशेषतः हातापायाला जखम असेल तर. फोमच्या पाठीचे गालिचे, कापसाच्या गाद्या आणि चिकटवलेल्या पाठीच्या वस्तू टाकून द्याव्यात. त्या आतून कधीच स्वच्छ होत नाहीत.

सतरंजी, घोंगडी आणि पॉलिप्रॉपिलीनचे पट वाचू शकतात. पण गाळ वाळण्यापूर्वी धुवावे लागते. वाळलेला गाळ वीणीत सिमेंटसारखा बसतो. आधी पाइपच्या साध्या धारेने गाळ काढावा. सतरंजी नंतर गरम पाण्यात साबणाने धुऊन, ब्लीचच्या सौम्य पाण्यातून काढता येते. घोंगडीला गरम पाणी आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. तिला अनेक थंड पाण्यांतून काढून, रिठ्यात धुऊन, पंख्याखाली शक्य तितक्या लवकर वाळवावे. एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. धुतल्यावरही दुर्गंधी राहिली तर ती वस्तू घरात, विशेषतः मुलांच्या अंगाखाली, वापरू नये. नदीकाठच्या घरांनी जूनमध्येच लोकरीच्या वस्तू वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या गावातल्या नातेवाइकांकडे हलवणे सर्वात सोपे.

खराब झाली तर नवी घेता येणार नाही का?

अॅक्रिलिकचे ब्लँकेट कुठेही मिळते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हाताने सूत काढून खड्डामागावर विणलेली घोंगडी मिळणे मात्र कठीण होत चालले आहे. या घोंगडीमागे दोन समाजांचे काम असते. धनगर मेंढ्या राखतात आणि लोकर कातरतात, सनगर ती विणतात. लोकर धुणे, पिंजणे, सूत काढणे, ताणा लावणे, खळ देणे आणि विणणे या सगळ्यात अनेक दिवस जातात.

मेंढीपालनाचे अर्थकारण आता मटणावर उभे आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीला मोठा भाव मिळतो तो तिच्या उंच, वजनदार शरीरामुळे. तिच्या अंगावर लोकर नावालाच असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ विकसित केली, तिचा उद्देशही अधिक कोकरे हाच. मेंढपाळाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर स्वेटरसाठी चालत नाही आणि अनेकदा कातरणीची मजुरीही तिच्या किमतीतून सुटत नाही. परिणामी लोकर फेकून दिली जाते आणि विणकराच्या पुढच्या पिढीला माग नकोसा होतो.

म्हणून घरातल्या घोंगडीला भोक पडले तर टाकून न देता रफू करून घ्यावे. काठाचा धागा सुटला असेल तर तेवढाच भाग जाड सुती दोऱ्याने लगेच शिवावा. सुटलेली वीण दर झटकण्याला पुढे जाते.

वर्षभराचे वेळापत्रक कसे असावे?

फेब्रुवारी ते एप्रिल : लोकरीच्या वस्तू धुवायच्या असतील तर हाच काळ. हवा कोरडी, वारा भरपूर आणि घोंगडी दोन-तीन दिवसांत आतून वाळते.

मे : सर्व वस्तूंना उन्हे द्यावीत, कसर तपासावी, सुती कापडात गुंडाळून उंचावर ठेवाव्यात. पूरपट्ट्यात हलवाहलव याच महिन्यात करावी.

जून ते सप्टेंबर : लोकर धुऊ नये. उघडीप मिळेल तेव्हा घडी मोडून हवा द्यावी.

घटस्थापनेपूर्वी : सतरंज्या, जाजमे, वाकळा, चादरी नेहमीप्रमाणे धुवाव्यात. घोंगडी मात्र झटकून, सावलीत हवा देऊन आणि डाग टिपून आत घ्यावी. परतीच्या पावसात भिजलेली घोंगडी वाळायला इतका वेळ लागतो की तोवर तिला वास लागतो.

दिवाळीनंतर : थंडीसाठी बाहेर काढताना घड्यांमध्ये अळ्या, काती किंवा भोके आहेत का ते उजेडात पाहावे. घडी पुन्हा घालताना जुन्या दुमडीवर न घालता थोडी बदलून घालावी. वर्षानुवर्षे एकाच रेषेत दुमडलेली लोकर त्याच रेषेत तुटते.